बारामतीचा ‘ट’

१९९९च्या सुमारास बारामती एमआयडीसीत पियाजोची तीनचाकी तयार होऊ लागली. इंग्रजी वळणाने वाचली तर ती ‘एप’. आपण म्हणतो ‘आपे’, आणि इटालियन उच्चारही तोच. इटालियन साहेब आणि जिरायती गावांतली पोरं एकमेकांशी बोलणार ती भाषा मात्र दोघांचीही नव्हती.

त्या पोरांची इंग्रजी पाचवीत सुरू झालेली, तीही फळ्यावरून. कानाआधी ती डोळ्यांना भेटली, म्हणून ‘वेडनेसडे’ आणि ‘प्लंबर’मधला ठसठशीत ब. तो दोष मराठीवर टाकणं अन्यायाचं आहे. मराठीचा ठसा दिसतो तो ‘टूल’मध्ये. इंग्रज हा ट हिरडीला जीभ लावून काढतो. आपला त दातांशी, ट त्याहून मागे, मधली जागा रिकामी. कानाने ट निवडला. ‘थ्री’तला घासता ध्वनी नाही, तिथे आपला थ आला. पण ‘व्हॉल्व्ह’ आणि ‘वॉशर’ मराठी माणूस लिहिताना-बोलताना वेगळे ठेवतो. हिंदीत दोन्हीकडे नुसता व. या ‘व्ह’चं मला फार कौतुक आहे. आखातात काम केलेल्या फिटरांना दुसरी तऱ्हा माहीत असते: अरबीत प नाही, त्यामुळे पार्किंगचं ‘बार्किंग’ होतं, ‘थ्री’ मात्र तिथल्या अरबांना सहज जमतं, कारण तो ध्वनी त्यांच्या घरचाच.

२०००पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. ‘हापिस’ जाऊन ‘ऑफिस’ रुळलं. ट हलला नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४मध्ये हिंदीतले त आणि ट घेऊनच प्रयोग केला होता. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोन्ही वेगळे ऐकू येत. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचा तो कान बंद झाला. त्यांच्या टीबाबत आपलंही तसंच होतं. मग विशीतल्या मुलाला ‘ॲक्सेंट’वरून खाली मान घालायला लावायचं कशाला?

त्याला त्याऐवजी आघात शिकवावा. ‘फिफ्टी’त जोर पहिल्या अवयवावर, ‘फिफ्टीन’मध्ये शेवटच्या, मराठीत शब्दाचा अर्थ अशा जोरावर ठरत नाही, म्हणून आपण दोन्ही सपाट बोलतो. फोनवर सुट्या भागांची ऑर्डर देताना पंधराचे पन्नास होतात ते इथे. जाणते सुपरवायझर म्हणूनच आकडा सांगून वर ‘वन फाइव्ह’ असं सुटं सांगतात.