चिंध्यांची बाहुली आणि सुईणींची शाळा

मुलीच्या हातात पहिल्यांदा सुई दिली, तर आपण तिच्यापुढे नव्या झंपराचं कापड ठेवतो का? नाही. आधी चिंधीवर धावदोरा घालायला लावतो. दहा वेळा उसवला तरी बिघडत नाही. मग मैत्रिणींनो, बाळंतपण करायला शिकणाऱ्या नर्सने पहिला हात कुणावर चालवायचा? आपल्या लेकीसुनेवर?

हाच प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या मादाम द्यू कूद्रे या सुईणीपुढे होता. खेड्यापाड्यांत अडलेल्या बायका दगावत होत्या. तिथल्या बहुतेक जणींना लिहितावाचता येत नव्हतं, मग नुसत्या पुस्तकाचा काय उपयोग? म्हणून बाईंनी कापड, चामडं आणि भरण वापरून बाळंतिणीच्या कमरेच्या भागाची चक्क प्रतिकृती शिवली. सोबत बाळाची बाहुली. तिचं तोंड मुद्दाम उघडं ठेवलेलं. पायाळू बाळाचं डोकं अडकलं तर आत दोन बोटं कशी घालायची, ते करून बघता यावं म्हणून! १७५९ साली राजा पंधराव्या लुईने त्यांना देशभर शिकवण्याची सनद दिली. पुढे वीसेक वर्षं बाई गावोगाव हिंडल्या, हजारो जणींना शिकवलं. त्यांची एक प्रतिकृती आजही रूआँच्या संग्रहालयात आहे.

आजची बाहुली नॉर्वेच्या लार्डाल कंपनीची, नाव नियोनॅटली. आत कोमट पाणी भरलं की तान्ह्या बाळाइतकी जड होते. शिकवणाऱ्याने रबरी फुगा दाबला की रडते. दाबला नाही तर गप्प. मग शिकणाऱ्या नर्सची खरी परीक्षा! बाळाला कोरडं करायचं, पाठ चोळायची, तरीही श्वास नाही तर पहिल्या मिनिटातच मुखवटा लावून पिशवीने हवा द्यायची.

याचा उपयोग होतो का? आपल्या शेजारच्या बेळगाव भागात असं शिक्षण दिल्यावर मृत जन्मांचं प्रमाण शेकडा ३ वरून २.३ वर आलं, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे मृत म्हणून बाजूला ठेवली गेली असती अशी काही बाळं केवळ कुणीतरी वेळेवर श्वास दिल्यामुळे वाचली असावीत. मात्र महिन्याच्या आतले मृत्यू घटले नाहीत. पुढची काळजीही तितकीच हवी, हाच त्याचा अर्थ.

आता तर डोळ्यांवर चष्मा चढवला की अख्खी शस्त्रक्रियेची खोली समोर उभी राहते. प्रसंग ओळखायला ते छानच, पण हाताला वजन कळायला बाहुलीच हवी.

तेव्हा लेकीचं नाव नोंदवायला दवाखान्यात जाल, तेव्हा खोलीचं भाडं विचारताना आणखी दोन प्रश्न विचारा. बाळ रडलं नाही तर त्याला कोण बघणार? श्वास द्यायची पिशवी प्रसूतिगृहातच हाताशी असते ना? यात संकोच कसला? भाजी घेतानासुद्धा आपण चार प्रश्न विचारतोच की!