चुलीच्या धुराचाही अभ्यास होतो

आपल्या जिल्ह्यात गॅस आला, तरी आंघोळीचे पाणी आणि दावतीची देग अजून बऱ्याच ठिकाणी लाकडावरच तापते. त्या धुरात एरोसोल असतात, म्हणजे हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म कण. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा.

आयआयटी मुंबईच्या प्रा. चंद्रा वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धुराचा अभ्यास केला. भारतात हवेत जाणाऱ्या काजळीचा सर्वांत मोठा स्रोत घरगुती लाकूड-गोवऱ्यांचे जळण आहे, असा त्यांचा निष्कर्ष २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. काजळी ऊन शोषते, त्यामुळे हवामानही बदलते. या निबंधाच्या लेखकांत एक नाव गझाला हबीब यांचे आहे. पुढे त्या आयआयटी दिल्लीत प्राध्यापक झाल्या.

आपल्या मुलींना ही वाट बंद नाही. पण तिची तयारी अकरावीपासून लागते. बी.एस्सी.नंतर आयआयटीत एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही परीक्षा असते. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण, माध्यम इंग्रजी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात असतानाही ती देता येते. केमिस्ट्रीच्या पेपरात बारावीच्या पातळीचे गणित असते. म्हणून ‘मुलीला गणित कशाला’ म्हणत अकरावीत तो विषय सोडायला लावू नका.

जॅम जमली नाही, तर नगरच्या कॉलेजात एम.एस्सी. करूनही पुढे जाता येते. त्यानंतर सीएसआयआर-नेट. त्यासाठी एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण लागतात, ओबीसींना (नॉन-क्रिमीलेअर) ५०. दाखला वेळेत काढून ठेवा. नेटमधून जेआरएफ मिळाली आणि पीएच.डी.ला प्रवेश झाला, की पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे मिळते. जेआरएफला वयाची अट आहे, त्यामुळे ‘लग्नानंतर बघू’ म्हणताना हिशेब करा.

‘आणखी किती वर्षे खर्च करायचा?’ असे अनेक अब्बा विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण जेआरएफ मिळाल्यावर मुलगी अब्बांकडे पैसे मागत नाही, घरी पाठवू शकते. तेव्हा बी.एस्सी.ला असलेल्या लेकीला आजच विचारा, जॅमचा फॉर्म कधी निघतो? तिला माहीत नसेल, तर दोघांनी मिळून शोधा.