मामाची जुनी रेंजर भाच्याला द्यायची आहे? मग आधी ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावात गोठ्याच्या नाहीतर पडवीच्या कोपऱ्यात एखादी जुनी सायकल हमखास सापडते. नव्वदच्या दशकात हौसेनं घेतलेली, सरळ हँडल, जाड टायर, २६ इंची चाकं. घरातला भाचा हायस्कूलला जायला लागला की विषय निघतो, "मामाची रेंजर पडूनच आहे की! तीच नीट करून देऊ."

कल्पना चांगली आहे, पण सुरुवात बऱ्याचदा चुकते. आधी रंग मारला जातो, मग स्टिकर, मग नवी सीट. ब्रेकचे रबर मात्र वीस वर्षांपूर्वीचेच राहतात. आणि पोरगं ती सायकल घेऊन पावसात उतारावर जातं.

माउंटन बाइक जन्मली ती जुन्या सायकलीतूनच

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीमध्ये काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली दुरुस्त करून डोंगरावरून खाली पळवायचे. तिथली १९७६ मध्ये सुरू झालेली 'रिपॅक' ही शर्यत गाजली. हे नाव पडलं ब्रेकमुळेच. एका उतारात मागच्या हबमधलं ग्रीस तापून जळायचं आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं.

१९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी फ्रेम बनवली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' बाजारात आली. पुढे ही फॅशन भारतात पोचली आणि हीरोची रेंजर घराघरात गेली.

पहिली तपासणी फ्रेमची

बाकी सगळे पार्ट बदलता येतात. फ्रेम बदलली तर ती मामाची सायकलच राहत नाही. म्हणून खर्च करण्याआधी तीन गोष्टी बघायच्या.

१. हँडलखालच्या तिरप्या नळीच्या पुढच्या टोकाशी रंगाला सुरकुत्या किंवा नळीला फुगवटा आहे का? असेल तर सायकल कधीतरी समोरून धडकलेली असते.

२. सांध्यांजवळ केसासारखी चीर आहे का? गंज पुसून उजेडात बघावं.

३. फ्रेम वाकडी आहे का? मागच्या चाकाच्या एका बाजूच्या खाचेतून दोरा काढून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणायचा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं भरायला हवं.

वरवरच्या गंजाची काळजी नको, तो घासून निघतो. चीर असेल तर मात्र ती सायकल चालवायला देऊ नये.

मग ब्रेक आणि रिम

त्या काळच्या बऱ्याच सायकलींना चकचकीत स्टीलच्या रिम असायच्या. कोरड्या रस्त्यावर त्या चालून जातात, पण ओल्या झाल्या की रबर घसरतो आणि सायकल थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. भोरच्या पावसाळ्यात आणि चढउताराच्या रस्त्यांवर हा साधा मुद्दा नाही.

उपाय म्हणजे ॲल्युमिनियमची रिम. जुना हब चांगला असेल तर तोच ठेवता येतो. फक्त स्पोकच्या भोकांची संख्या जुळावी लागते आणि स्पोक नव्या मापाचे लागू शकतात. ब्रेकचे रबर, तार आणि तिचं कव्हर नवीनच घ्यावं. ब्रेक पूर्ण दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकता कामा नये.

टायर घेताना फसगत कुठे होते?

'२६ इंची' म्हणून मागितलेला प्रत्येक टायर बसत नाही. २६ इंचात वेगवेगळी मापं आहेत. माउंटन बाइकच्या टायरवर ५५९ हा आकडा असतो, तर २६ × १ ३/८ या बारीक टायरवर ५९०. हे मिलिमीटरमधलं माप आहे. जुन्या टायरच्या कडेवरचा आकडा वाचून किंवा त्याचा फोटो काढूनच दुकानात जावं.

ओव्हरहॉलिंग, म्हणजे आपलं 'ओव्हरऑइल'

दोन्ही हब, हँडल आणि पायडलचा मधला एक्सल उघडून जुनं ग्रीस पुसायचं, खड्डे पडलेले छर्रे बदलायचे आणि नवीन ग्रीस भरायचं. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, हे विसरून जोर लावला की आटे जातात.

चेन पट्टीनं मोजता येते. नव्या चेनच्या १२ जोड्या, म्हणजे २४ कड्या, बरोबर १२ इंच भरतात. तेच माप १२ १/८ इंच भरलं तर चेन बदलायला आलीच, आणि सोबत फ्रीव्हीलही तपासावं.

भाच्याच्या मापाची आहे का?

जुन्या माउंटन बाइकची वरची दांडी उंच असते. दांडी दोन्ही पायांमध्ये घेऊन उभं राहिल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि वर एक-दोन इंच जागा उरली पाहिजे. तेवढी उरत नसेल तर वर्ष-दोन वर्षं थांबलेलं बरं.

जपायचं काय, बदलायचं काय?

पुण्यात कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय २०१७ पासून आहे. संग्रहालयातल्या सायकलीचं मोल तिच्या मूळ पार्टमध्ये असतं. रोज शाळेत जाणाऱ्या सायकलीला तो हट्ट परवडत नाही. तिथे फ्रेम, घंटी, जुनं स्टिकर, नळीवर कोरलेलं नाव हे जपावं. ब्रेक, तारा, टायर, चेन बिनधास्त बदलावं.

रंगाचं म्हणाल तर तो शेवटी, पैसे उरले तर. मामानं पाडलेले चार ओरखडे तसेच राहिले तरी सायकलचं काही बिघडत नाही.