आणें गांव आणि अक्षरांचे सांचे

कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जुन्नर तालुक्यांतील एका कोरड्या पठारावर आणें हें गांव वसलें आहे. ज्या गांवाची पैसेवारी पन्नास पैशांहून कमी ठरते, त्याचा विचार टंचाईच्या सवलतींसाठीं होतो. अशा एखाद्या यादींतून गांवाची ओळ निसटली तर काय होईल, हें श्रोत्यांस सांगावयास नको. समजा, तालुक्याची यादी संगणकांत आहे व लेखनिकास तींतून आणें गांवाची ओळ काढावयाची आहे.

संगणकास ज्याच्या द्वारें हुकूम दिले जातात त्यास शेल म्हणतात. तेच हुकूम क्रमानें लिहून ठेवले कीं त्यांची स्क्रिप्ट होते. ओळी धुंडण्याचें काम ग्रेप हा हुकूम करतो. तो अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन यांनीं १९७३ च्या सुमारास तयार केला.

लेखनिक ग्रेपला 'आणे' हा सांचा देतो. गांव सांपडतें खरें. पण त्याच्यामागून 'बारा आणे' येतात आणि 'आणेवारी'ही येते! १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, तरी हे जुने शब्द दप्तरांतून गेलेले नाहींत. पूर्वीं गांव 'आणें' असें सानुस्वार लिहीत व नाण्याचे 'आणे' अनुस्वारावांचून. १९६२ च्या नियमांनीं तो अनुच्चारित अनुस्वार काढला आणि दोहोंतला भेदही गेला.

मग लेखनिक तारका वापरतो: 'आणे*'. येथेंच खरी फसगत आहे. फाइलींचीं नांवें शोधतांना शेल तारकेचा अर्थ 'पुढें कांहींही' असा घेतो. ग्रेप मात्र 'मागचें चिन्ह कितीही वेळां, किंवा मुळींच नाहीं' असा घेतो. शिवाय युनिकोडमध्यें 'णे' हें एक चिन्ह नव्हे. 'ण' निराळा व मात्रा निराळी. तारका बसते ती एकट्या मात्रेवर. मात्रा नसली तरी चालेल असें ठरल्यावर 'आण' एवढेंच पुरतें, आणि 'आणि' हें अव्यय असलेली प्रत्येक ओळ पुढें उभी राहते. सांचा अवतरणचिन्हांत न घातल्यास तारकेचा अर्थ ग्रेपच्या आधीं शेलच लावूं पाहतो, तें वेगळेंच.

प्रत्येक ओळ गांवाच्या नांवानें सुरू होऊन पुढें स्वल्पविराम असेल, तर '^आणें*,' असा सांचा द्यावा. आरंभींचें चिन्ह ओळीची सुरुवात दाखवितें. तारका आतां अनुस्वारावर आहे, म्हणून जुनें 'आणें' व नवें 'आणे' दोन्ही सांपडतात; स्वल्पविरामामुळें 'आणेवारी' बाहेर राहते. मघां घात करणारी तारका येथें उपयोगीं पडली.

राहिली छपाईची मांडणी. त्यासाठीं प्रिंटएफ हुकुमांत स्तंभाची रुंदी सांगतात. पण बॅश शेलमध्यें ती सामान्यतः बाइटांत मोजली जाते, आणि युटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें. 'आणे' दिसण्यांत दोन अक्षरें, चिन्हें तीन, बाइट नऊ. रुंदी वीस सांगितली तर त्यापुढें अकरा मोकळ्या जागा पडतात. 'नारायणगाव' सत्तावीस बाइटांचें, त्यापुढें एकही नाहीं. आंकडे मग वेडेवांकडे उभे राहतात. मराठी यादीसाठीं रुंदी मोजण्याच्या भरीस न पडतां स्तंभांमध्यें स्वल्पविराम ठेवावा व रेघा आंखण्याचें काम तक्ता करणाऱ्या कार्यक्रमावर सोंपवावें.