बोगनवेलीमागची बाई

बोगनवेलीचं खरं फूल कोणतं, असं एका वाचकाने विचारलं आहे. एक झुपका तोडून हातात घ्या. गुलाबी-जांभळे, कागदासारखे पापुद्रे म्हणजे पाकळ्या नव्हेत, ती छदं. प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलेली असते. तिच्या टोकाशी उमलते ती इवली पांढरट चांदणी, तेच फूल!

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. बूगँव्हिलची फ्रेंच जहाजं पृथ्वीप्रदक्षिणेच्या वाटेवर 1767 मध्ये रिओ द जानेरोला थांबली, तेव्हा तिचे नमुने गोळा झाले. वेलीला नाव मिळालं मोहिमेच्या प्रमुखाचं, श्रेय गेलं वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्साँ याला. पण कोमेर्साँच्या पायाची जखम चिघळलेली. मग रानोमाळ हिंडायचा कोण? त्याचा नोकर ‘झाँ’.

हा नोकर म्हणजे बर्गंडीतल्या एका खेड्यात 1740 साली जन्मलेली झान बारे. फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर बायकांना मज्जाव, म्हणून तिने पुरुषवेष घेतला. कोमेर्साँचा पसारा एवढा, की मोहिमेतल्या ‘एत्वाल’ जहाजाच्या कप्तानाने त्याला स्वतःची खोली देऊन टाकली. खोलीला वेगळं शौचालय होतं. सोंग इतके महिने निभावलं, त्यात या सोयीचा वाटा मोठा! मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या बर्फाळ डोंगरांवर शिधा, बंदुका आणि वनस्पतींचे जाडजूड गठ्ठे तीच वाही, हे खुद्द बूगँव्हिलने नोंदवलं आहे. त्याच्याच वृत्तान्तानुसार ताहितीच्या लोकांनी ती बाई असल्याचं पाहताक्षणी ओळखलं.

बोगनवेल तिनेच खुडली असं हल्ली ठासून सांगतात. तो तर्क आहे, दाखला नव्हे. पण त्या तर्काशिवायही तिचं काम उणं ठरत नाही. कोमेर्साँच्या नावावर जमा असलेल्या हजारो नमुन्यांमागे तिची पायपीट आहे.

कोमेर्साँ 1773 मध्ये मॉरिशसला वारला. पुढे बारे मायदेशी परतली आणि पृथ्वीला फेरी घालणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. 1785 मध्ये फ्रेंच सरकारने तिला वर्षाला 200 लिव्हर पेन्शन दिलं.

कोमेर्साँचं नाव सत्तरहून अधिक वनस्पतींना लाभलं. बारेचं नाव एका वनस्पतीला द्यायचं त्याने योजलं होतं. ते टिकलं नाही. अखेर 2012 मध्ये वांग्या-बटाट्याच्या कुळातल्या एका जातीला ‘सोलॅनम बारेटिई’ नाव मिळालं, तिच्या मृत्यूनंतर 205 वर्षांनी. नमुने गोळा करणं ही हमाली नव्हे, विज्ञानच आहे; ते मान्य करायला आपण फार वेळ घेतो.