काचेच्या टाकीतली खरी रोपं

मत्स्यालयाच्या दुकानात पाण्यात बुडवून ठेवलेलं प्रत्येक रोप पाण्यातलंच असतं, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. लकी बांबू, पट्टेदार ड्रॅसिना, सिंगोनियम ही सगळी जमिनीवरची. मुळं पाण्यात आणि पानं हवेत असतील तर ती छान राहतात. पानांसकट बुडवली की काही आठवडे, कधी दोन-तीन महिने तग धरतात आणि मग कुजू लागतात. त्यातून सुटणारा अमोनिया माशांना भोवतो. घेण्याआधी रोप पाण्याबाहेर धरून पाहावं. पाण्याखाली वाढलेली बहुतेक पानं पातळ असतात, ओल्या फडक्यासारखी लोंबतात. मात्र नुसत्या या खुणेवर विसंबू नये. अनुबियासचं पान पाण्यातही जाड आणि ताठच राहतं. म्हणून दुकानदाराला रोपाचं नाव विचारावं, आणि त्याला ते सांगता आलं नाही तर रोप घेऊ नये.

दुसरा गैरसमज याच्या अगदी उलट. रोप खरोखर पाण्यातलं असतं, पण आठवडाभरात त्याची पानं विरघळतात आणि घरचे म्हणतात, मेलं. खरं तर रोपवाटिकांमध्ये यातली बरीच रोपं मुळं ओली आणि पानं दमट हवेत ठेवून वाढवतात. हवेत कार्बन डायऑक्साइड सहज मिळतो, वाढ भराभर होते, पानांवर शेवाळ धरत नाही. पाण्यात हाच वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. हवेतल्या पानावरचा मेणाचा थर तिथे अडचणीचा ठरतो. म्हणून रोप जुनी पानं टाकून देतं आणि पाण्यासाठी नवी, पातळ पानं काढतं. क्रिप्टोकोरीन तर एका टाकीतून दुसऱ्या टाकीत हलवली तरी असं करते. आधी पानावर आरपार दिसणारे डाग पडतात, मग देठापर्यंत लगदा होतो. अशा वेळी सडलेली पानं कापून काढावीत आणि खडीत बोट घालून मुळाशी चाचपावं. गड्डा घट्ट लागला तर रोप जिवंत आहे. साधारण दोन ते चार आठवड्यांत मधून नवा कोंब येतो. नेमक्या याच टप्प्यावर कितीतरी चांगली रोपं कचऱ्यात जातात, याचं फार वाईट वाटतं.

पानं टाकून नवी काढण्याचा क्रिप्टोकोरीनचा हा गुण तिच्या मूळ घरातून आला आहे. क्रिप्टोकोरीन रेट्रोस्पायरॅलिस आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत, नद्यांत वाढते. पावसाळ्यात ती बुडते, पाणी ओसरल्यावर उघडी पडते आणि तेव्हा फुलते. म्हणून तिथून उपटून आणावी, असं मात्र मुळीच नाही. तिची बहीण क्रिप्टोकोरीन कोग्नाटा कोकणात मोजक्याच ठिकाणी आढळते. टाकीसाठी रोपवाटिकेतलीच रोपं घ्यावीत.

रोप म्हटलं की ते खडीत रोवायचं, हेही सरसकट खरं नाही. अनुबियास आणि जावा फर्नचं आडवं जाड खोड खडीत पुरलं की सडतं. ते दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधावं. मुळं हळूहळू स्वतःच पकड घेतात.

कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलिंडर आणि भारी दिवे नसतील तर रोपं जगत नाहीत, असं दुकानात हमखास ऐकवतात. लाल पानांच्या नाजूक जातींना ते बऱ्याच अंशी लागू आहे. पण व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरीन, जावा फर्न, हॉर्नवर्ट साध्या एलईडीच्या सात-आठ तास उजेडावर वाढतात. व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात, त्यामुळे बोअरचं जड पाणी त्यांना मानवतं. गॅस न देता नुसता उजेड वाढवला तर शेवाळच माजतं. खिडकीतलं ऊन तर नकोच. एप्रिल-मेमध्ये त्याने पाणीही तापतं.

खताचं थोडक्यात. माशांच्या विष्ठेतून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळतात. पोटॅशियम आणि लोह बहुधा कमी पडतं, ते मत्स्यालयाच्या द्रवखतातून द्यावं. शेणखत कधीही घालू नये, त्यातून अमोनिया सुटतो.

रात्री रोपं ऑक्सिजन घेतात हे खरं, पण माफक मासे असलेल्या टाकीत त्याने मासे गुदमरत नाहीत. सकाळी मासे वर येऊन तोंड मारत असतील तर आधी मासे जास्त झालेत का आणि पाण्याचा पृष्ठभाग हलता आहे का, ते पाहावं.

गोगलगायी दिसल्या की लोक औषध शोधतात. रोपांबरोबर येणाऱ्या लहान गोगलगायी मुख्यतः शेवाळ आणि मरती पानं खातात. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने 1850 मध्ये सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया एकत्र ठेवण्याचा प्रयोग मांडला. कुजक्या पानांनी पाणी गढूळ होत होतं, ते गोगलगायी सोडल्यावर निवळलं. मोठ्या ॲपल स्नेलपासून मात्र सावध राहावं, त्या कोवळी रोपं फस्त करतात.

आणि वाढलेली रोपं नदीत किंवा तळ्यात सोडणं म्हणजे निसर्गाला परत देणं, हा समज तर तातडीने मोडायला हवा. आपल्या नद्या गुदमरवणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, फुलांच्या हौसेपायी जगभर नेलेली. टाकीतल्या कापणीचा एक तुकडाही नाल्यात जाऊ देऊ नये. ती उन्हात कडकडीत वाळवून कुंडीतल्या मातीत मिसळावी.