मंगळवारचा मिंगमार, बुधवारचा ल्हाक्पा

कूर्गच्या टूरमध्ये कुशलनगरजवळ बस थांबते. मंडळी ‘गोल्डन टेंपल’मधल्या तीन सोनेरी मूर्तींसमोर फोटो काढतात, मोमो हाणतात आणि मडिकेरीकडे सटकतात. कावेरीच्या अलीकडचं हे म्हैसूर जिल्ह्यातलं बैलकुप्पे, साठच्या दशकापासूनची तिबेटी वसाहत. ‘माणूस म्हणजे कोण?’ हा प्रश्न इथे रोज टाळ्या वाजवून विचारला जातो.

टाळ्या खऱ्याखुऱ्या. इथल्या सेरा मठाच्या अंगणात एक भिक्खू बसलेला, दुसरा उभा. उभा असलेला प्रश्न फेकतो, पाय आपटतो आणि उजव्या तळव्याने डाव्यावर फाडकन टाळी देतो. ‘मी’ कुठे आहे? शरीरात? मनात? की दोन्हींच्या बेरजेत? बसलेल्याने अडखळायचं नाही. युक्तिवाद तसा जुनाच. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजेही रथ नव्हे, मग रथ कुठला, असं भिक्खू नागसेनांनी मिलिंद राजाला विचारलं होतं. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या कॉलेजला नाव दिलं तो हाच मिलिंद.

तिबेटीत व्यक्तीला शब्द आहे ‘गांगझाक’: गांग म्हणजे भरलेलं, झाक म्हणजे गळणारं. संस्कृत ‘पुद्गल’ची जुन्या पंडितांनी केलेली फोडही तीच, भरतो नि गळतो. थोडक्यात, गळका माठ! आपली मराठी तरी कुठे कमी आहे म्हणा; मिशीला पीळ देणारा पैलवानसुद्धा ‘ती व्यक्ती’च.

बरं, हा माठ फुटला तरी गोष्ट संपत नाही. लामा येशे १९८४ मध्ये गेले आणि त्यांचा पुनर्जन्म म्हणून सापडला १९८५ मध्ये स्पेनमध्ये जन्मलेला ओसेल. पोरगा सेरा मठात वाढला, अठराव्या वर्षाच्या सुमारास चीवर उतरवून बाहेर पडला आणि पुढे सिनेमा शिकला. उलटा प्रवासही आहे. इथल्या नामद्रोलिंग मठाचे संस्थापक पेनोर रिंपोचे यांनी १९९७ मध्ये हॉलिवूडचा मारधाडवाला स्टीव्हन सीगल हा सतराव्या शतकातल्या एका लामाचा अवतार असल्याचं जाहीर केलं. यावर मी काही बोलत नाही.

नावांची तऱ्हाही खास. कित्येकांचं नाव म्हणजे जन्मवार: दावा सोमवारचा, पासांग शुक्रवारचा, ञिमा रविवारचा. आपल्या पाड्यांवरही सोम्या, बुध्या, मंगळ्या असतातच की. आणि ‘तेन्झिन’ तर पैशाला पासरी, कारण दलाई लामांकडून बाळाचं नाव मागितलं की त्यांच्या स्वतःच्या नावातला हा तुकडा हमखास मिळतो.

सरकारला मात्र वार नको, तारीख हवी. १ जुलै १९८७च्या आधी भारतात जन्मलेला जन्माने भारतीय, आईवडील कुठलेही असोत. तिबेटींनाही हे लागू असल्याचं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं. ३० जून १९८७ला मंगळवार होता. म्हणजे त्या रात्री बैलकुप्प्यात एखादा मिंगमार जन्मला असेल तर तो भारतीय. काही तासांनी, बुधवारी उजाडताना, शेजारच्या खाटेवर जन्मलेल्या ल्हाक्पाला मात्र आई किंवा वडील भारतीय असल्याचा कागद दाखवावा लागणार.